दीड व्होल्टची भीती

जुलै महिन्याचा दुसरा शनिवार, शाळेची प्रयोगशाळा: जबाबदार, विज्ञानाचे शिक्षक. डिसेंबरमधील तालुका विज्ञान प्रदर्शनीचा दिवस: जबाबदार, मुख्याध्यापक, आणि त्यांच्यासोबत ते परीक्षक, ज्यांनी यंत्राकडे पाठ करून रांगोळीची तारीफ केली. संक्रांतीनंतरच्या आठवड्यातील पालकसभा: जबाबदार, शाळेची संपूर्ण व्यवस्थापन समिती, जिने अन्यायावर टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारीतील प्रात्यक्षिक परीक्षेची सकाळ: जबाबदार, पुन्हा तेच विज्ञानाचे शिक्षक, आणि या खेपेस त्यांच्यावरील आरोप सर्वांत गंभीर आहे. जून महिन्यातील एक दुपार, माझ्या घराची छपरी, म्हणजे ओसरी: जबाबदार कोण, हे ठरवण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

मी वकील नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून माझी नोकरी झाली. वादींचे अर्ज, प्रतिवादींचे जबाब, साक्षी, समन्स, तारखा यांत आयुष्य गेले. त्या नोकरीने मला एकच शिस्त लावली. आरोप करायचा तर केव्हा, कोठे आणि कोणी, हे आधी सांगावे, रडणे नंतर. निवृत्तीनंतर मी बसथांब्यावरील तुटलेल्या छपरासाठी लिहिले, महामार्गावर धाब्यांसमोर उभ्या राहणाऱ्या ट्रकांसाठी लिहिले, रेशन दुकानाच्या वेळांसाठी लिहिले. काहींना उत्तरे आली, काहींना आली नाहीत. माझी सून मला मामाजी म्हणते, आणि मी कागद काढला की चहाचा कप आदळत विचारते, "मामाजी, आज कोणाले समन्स?" मी तिच्यावर रागावत नाही. तिच्या घरात न्यायालय भरते, तिला बोलण्याचा हक्क आहे.

या लेखात मी कोणाचे नाव घेतलेले नाही. बदनामी हा माझा हेतू नाही. मला उत्तर हवे आहे, आणि ज्यांनी ते द्यायचे आहे ते वाचताच स्वतःला ओळखतील.

प्रकरण माझ्या नातीचे आहे. ती गेल्या वर्षी दहावीत होती. आमचे गाव सडक अर्जुनीपासून आत, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे बांध घातलेल्या शेतांनी, वेढलेले. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, गोंदियाला राइस मिलमध्ये यंत्रांवर कामाला आहे आणि सुटीला घरी येतो. पोरीला यंत्रांची ओढ त्याच्याकडून आली असावी. लहानपणी ती बिघडलेला रेडिओ उघडून बसायची आणि पुन्हा बंद करताना एखादा स्क्रू उरला, तर तो ताटलीत ठेवून मला विचारायची, "आबाजी, याची जागा कोठे होती सांगा." मला ठाऊक नसायचे. ती शोधून काढायची.

जुलैच्या त्या शनिवारनंतरचा रविवार. धानाच्या रोवणीचे दिवस, घरातील सर्व माणसे बांधीवर. मी गुडघ्यांमुळे घरी. नात छपरीत चटईवर बसून प्रयोगवह्या लिहीत होती. एक नव्हे, वह्यांची चळत होती. मी विचारले, "हे सारे तुझे?"

"नाही आबाजी. एक माझी. बाकी पोरांच्या."

"पोरांच्या वह्या तू कायले लिहून राहिली?"

"सर म्हणतात, पोरींचं अक्षर चांगलं असते. आकृत्या बी आम्हीच काढून देतो."

"आणि पोरं काय करतात?"

"प्रयोग करतात," ती म्हणाली. जणू मी पाणी ओले का असते असे विचारले होते. "एका गटात दोन पोरं, दोन पोरी. पोरं जोडणी करतात, मोजून सांगतात. आम्ही लिहितो. काल सरांनी सांगितलं, वर्षभर असंच करायचं, गडबड नाही होत."

"तू म्हटलं नाही, मले जोडू द्या म्हणून?"

"म्हटलं ना. सर हासले. म्हणे, पोरींले करंटची भीती असते, तू लिही बाई, तुझं अक्षर मोत्यावानी आहे."

येथे मी वाचकांना एक तांत्रिक बाब नम्रपणे सांगू इच्छितो. ज्या प्रयोगाबद्दल हे बोलणे झाले, त्यात विजेचा स्रोत म्हणून भिंतीवरील घड्याळात बसतो तो सेल होता. दीड व्होल्टचा. तो जिभेला लावला तरी माणूस मरत नाही. गोंदिया जिल्ह्यातील प्रत्येक शेतकरी बाई ओल्या हाताने मोटारपंपाचे बटण दाबते, सापाच्या बांधीत अनवाणी उतरून परे, म्हणजे धानाची रोपे, लावते, आणि तिच्या मुलीला घड्याळाच्या सेलची भीती वाटते, असा निष्कर्ष एका पदवीधर विज्ञान शिक्षकाने काढला. कोणते निरीक्षण? किती मुलींवर? प्रयोग कोणी केला? विज्ञानाच्या शिक्षकाने विज्ञानाच्या प्रयोगशाळेत उभे राहून केलेल्या या विधानाला एकही प्रयोग आधाराला नव्हता.

न्यायालयात एक जुना नियम आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, ऐकलेले सांगावे. दुसऱ्याने सांगितले म्हणून मला ठाऊक आहे, ही साक्ष चालत नाही. तिला ऐकीव पुरावा म्हणतात. माझ्या नातीची प्रयोगवही मी त्या दिवशी पानापानाने पाहिली. अक्षर खरोखर मोत्यासारखे होते. आणि सगळी वही ऐकीव होती. "मी तार जोडली", "मी कळ दाबली", "मला असे आढळले" अशी वाक्ये तिने लिहिली होती. तिने काहीही जोडले नव्हते, दाबले नव्हते, तिला काहीही आढळले नव्हते. राज्याने मान्यता दिलेल्या शाळेत मुलीच्या हातून सहीनिशी खोटे लिहून घेतले जात होते, आणि त्यासाठी तिची स्तुती होत होती.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो. शिक्षक तरुण आहेत, स्वभावाने मृदू आहेत, मला त्यांनी खुर्ची दिली. हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. ते म्हणाले, "बाबूजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. पोरगी हुशार आहे तुमची. पोरांचे हात चालतात, पोरींचं लिहिणं चालते. जोडी जमते, टाइम वाचते."

"तिचे हात तुम्ही केव्हा पाहिले?"

"अजी, पाहायचं काय त्यात? सबको पता है।"

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवले. ज्या गोष्टीची तपासणी कधीच झाली नाही, तिचा पुरावा म्हणून ते शिक्षक "सर्वांना ठाऊक आहे" एवढेच देत होते.

आता तिच्या हातांविषयी. रोवणीच्या काळात आमच्याकडे विजेचा नेम नसतो. वीज आली की मोटार सुरू करून माणूस दुसऱ्या कामाला लागतो, बांधी भरून वाहू लागते आणि पार फुटतो. पार म्हणजे बांधीचा मातीचा काठ. तो फुटला की पाणी आणि कोवळे परे शेजाऱ्याच्या शेतात, आणि मग भांडण माझ्या जुन्या न्यायालयात. त्याच पावसाळ्यात नातीने यावर उपाय काढला. एका काठीला दोन उघड्या तारा बांधल्या, काठी घरामागच्या बांधीत रोवली, तारा ओढून छपरीपर्यंत आणल्या. पाणी तारांना टेकले की भोंगा वाजतो. सुटे भाग वडिलांनी गोंदियाच्या बाजारातून आणले, भोंगा मोडक्या खेळण्यातला. जोडणी तिची. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. बांधीवरून ती ओरडत होती, "आबाजी, वाजला का? वाजला का?" आणि गोठ्यातून तिची आई तिच्याहून मोठ्याने, "अवो बंद कर ते! म्हैस दोर तोडून राहिली!"

त्या दिवशी ती जेवताना एकसारखी बोलत होती. पाण्यातून वीज कशी जाते, दोनच तारा का, एक का नाही. माझ्या ध्यानात सगळे आले नाही. परंतु पोरीला भीती वाटते असे एकही चिन्ह मला दिसले नाही, आणि साक्षीदारांची तोंडे वाचण्यात माझी नोकरी गेली आहे.

हेच यंत्र शाळेने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीसाठी निवडले. मला आनंद झाला. नियमाने दोघांचा गट लागतो, म्हणून वर्गातील एका मुलाचे नाव जोडले. तो मुलगा चांगला आहे. त्याच्यावर माझा काडीचाही रोष नाही. प्रदर्शनीच्या दिवशी मी सकाळी बसने गेलो. मंडपात टेबले लागलेली, प्रत्येकावर पुठ्ठ्याच्या पाट्या. आमच्या टेबलामागे तो मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून उभा होता. नात टेबलासमोर जमिनीवर उकिडवी बसून रांगोळी काढत होती.

मी मुख्याध्यापकांना विचारले, "यंत्र कोणाचे, आणि बोलणार कोण?"

"बाबूजी, ते दोघांचंच समजा. पोराले बोलता येते. आणि पहिला नंबर आला तर जिल्ह्याले जावं लागते, मुक्काम असते. पोरीची जबाबदारी कोण घेईल? उद्या काही झालं तर तुम्हीच मले कोर्टात उभं कराल." ते हसले. बाजूचे शिक्षकही हसले. मी हसलो नाही.

परीक्षक आले. त्यांनी मुलाला विचारले, तारा दोन का? मुलगा बावरला. त्याने खाली पाहिले. नातीने हातातील रांगोळी तशीच धरून मान वर केली आणि म्हणाली, "सर, सर्किट पूर्ण व्हायला..." एवढ्यात विज्ञानाचे शिक्षक पुढे आले. "बेटा, तू तुझं पूर्ण कर लवकर, उद्घाटक येऊन राहिले." आणि परीक्षकांना म्हणाले, "सजावट हिची आहे सर." परीक्षक वाकले, रांगोळीतील दिवा निरखला, म्हणाले, "वा! फारच सुंदर. मुलींचा हात लागला की टेबल खुलते." मग ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांनी तारांकडे पुन्हा पाहिले नाही.

यंत्राचा दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्रावर दोन्ही नावे आहेत, हे शाळेच्या बचावासाठी मी येथे नोंदवतो.

परतीच्या बसमध्ये नात खिडकीशी बसली होती. मी म्हटले, उत्तर तुला येत होते. ती म्हणाली, "येत होतं. पण त्यानं जसं नमस्कार करून सुरू केलं ना आबाजी, तसं मले नसतं जमलं." हे वाक्य ऐकून माझ्या अंगाची आग झाली. उत्तर येत असलेल्या मुलीला नमस्कार न जमण्याची लाज वाटत होती. हे कोणी शिकवले? एका दिवसात तर नाही.

मी शाळेला पत्र लिहिले. पाच परिच्छेद, संयत भाषा. संविधानातील समतेची कलमे लिहिली. शाळेत रोज परिपाठाला उद्देशिका म्हटली जाते, तीत दर्जाची व संधीची समानता आहे, याची आठवण दिली. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे आणि वैज्ञानिक दृष्टी वाढवणे ही नागरिकाची मूलभूत कर्तव्ये आहेत. प्रयोगशाळेतील ही एक रीत त्या दोन्ही कर्तव्यांचा एकाच वेळी भंग करते, असे म्हटले. मूलभूत कर्तव्ये न्यायालयातून अंमलात आणता येत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिले. सोबत माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज केला: प्रयोग मुलांनी करावेत व नोंदी मुलींनी कराव्यात, असा शासनाचा, मंडळाचा अथवा शाळेचा आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी.

उत्तर मुदतीत आले. "अशा स्वरूपाचा कोणताही आदेश या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही."

मी ते उत्तर सुनेला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग माझ्या आईनं मले सायकल नको शिकू म्हटलं होतं, त्याचा बी आदेश निघाला नव्हता मामाजी." आणि पुन्हा भाजी निवडू लागली. आदेश असता तर मी त्याला आव्हान दिले असते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलो असतो. जो हुकूम कोणी काढलेलाच नाही, तो रद्द कोणाकडून करून घ्यायचा?

मग आली पालकसभा. मला आग्रहाचे निमंत्रण होते. मला वाटले, चर्चा होईल. मी मुद्दे काढून नेले. मुख्याध्यापकांनी माइक घेतला आणि जाहीर केले की एका जागरूक आजोबांच्या सूचनेवरून शाळेने क्रांतिकारी पाऊल उचलले आहे. यापुढे प्रयोगशाळेत मुलींसाठी स्वतंत्र टेबल राहील. त्यावर मुलींना झेपतील असे, विजेशी व ज्योतीशी संबंध नसलेले, सुरक्षित प्रयोग ठेवले जातील. मुलांच्या वह्या लिहिण्याचे कामही बंद. टाळ्या. समितीचे अध्यक्ष म्हणाले, अशा आजोबांचा सत्कार झालाच पाहिजे. माझे नाव पुकारले गेले. शाल आणि नारळाचे ताट घेऊन माझ्यासमोर माझीच नात येऊन उभी राहिली.

तक्रारीचा असा निकाल जगात आणखी कोठे लागत असेल का, मला शंका आहे. आमच्याकडे तक्रार करणाऱ्याला दोनच प्रकारे गप्प केले जाते. एक म्हणजे त्याला हाकलणे. दुसरा, अधिक पक्का उपाय म्हणजे त्याला शाल पांघरवणे. शाल अंगावर आली की माणूस फिर्यादी राहत नाही, सन्मानमूर्ती होतो. मी शाल घेतली नाही. माइक मागितला. अध्यक्ष म्हणाले, "बाबूजी, भाषण राहू द्या, चहा थंडा हो रहा है." सभा चहासाठी उठली. नातीच्या हातात ताट तसेच होते आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती.

घरी येताना रस्त्यावर ती बोलली. इतक्या रागाने ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती.

"कायले लिहिलं तुम्ही पत्र?"

"तुझ्यासाठीच लिहिलं ना बेटा."

"माझ्यासाठी? आता आमच्या टेबलावर वायर बी नाही. लिटमसचे कागद देऊन राहिले, लाल झाला का निळा झाला पाहा म्हणून. आधी निदान पोरांच्या बाजूनं उभं राहून पाहायले तरी भेटत होतं. पोरं म्हणतात, तुझ्या आबाजीनं तुमाले बालवाडीत टाकलं."

मी म्हटले, मी असे मागितले नव्हते. माझ्या पत्राचा त्यांनी विपर्यास केला. ती म्हणाली, "मग नीट लिहायचं होतं." मला पत्रलेखनाबद्दल इतके कठोर मत आजवर एकाही कार्यालयाने कळवलेले नाही. मी दुसरे पत्र लिहिले. त्याला उत्तर नाही. स्मरणपत्र लिहिले. त्यालाही नाही. शाळेच्या मते विषय सत्काराने संपला होता.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तिला चिठ्ठीत आलेला प्रयोग साधा होता: सेल, कळ, तार आणि होकायंत्र. तारेतून वीज सोडायची, होकायंत्राची सुई वळते, ती किती वळली ते लिहायचे. तिने मला हे संध्याकाळी सांगितले, आणि मी येथे तिच्याच शब्दांच्या आधाराने सांगतो.

ती टेबलासमोर उभी राहिली. संक्रांतीपासून शाळेत तिच्या टेबलावर तारच नव्हती, त्याआधी जुलैपासून तिने फक्त लिहिले होते. समोर सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. तिने तार उचलली आणि तिला वाटले, चुकली तर सगळे म्हणतील, पाहा, म्हटलंच होतं. "हातच नाही चालले आबाजी. डोक्यात सारं होतं. कोठे काय लावायचं ते दिसत होतं. पण हात माझे नव्हते."

सर जवळ आले. प्रेमाने आले. हळूच म्हणाले, "भीती वाटते का? राहू दे. मी सांगतो तेवढं लिही." त्यांनी अंश सांगितले. तिने लिहिले. बाहेरच्या परीक्षकांनी अक्षर पाहून मान डोलावली. प्रात्यक्षिकाचे तिला पूर्ण गुण मिळाले.

पूर्ण गुण! या दोन शब्दांनी मला जेवढा संताप येतो, तेवढा तिला नापास केले असते तर आला नसता. नापास केले असते तर तिने पुन्हा परीक्षा दिली असती, तार जोडली असती, सुई वळली असती. पूर्ण गुण देऊन त्यांनी तिच्या न जमण्यावर शिक्का मारला आणि तो शिक्का बक्षीस म्हणून तिच्या हातात ठेवला. खोट्या नोंदीवर सही करणाऱ्या लिपिकाला आमच्या न्यायालयात निलंबित केले असते. येथे त्याला मायाळू शिक्षक म्हणतात. ते मायाळू आहेतच. माझी तक्रार नेमकी त्याच मायेविरुद्ध आहे.

निकाल लागला. गुण भरपूर आहेत. पेढे वाटले. मग जूनमध्ये अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात घरामागच्या यंत्राची एक तार उंदराने कुरतडली. मी नातीला म्हटले, जोडून टाक, परे टाकायचे दिवस आले. ती म्हणाली, "पप्पा आल्यावर पाहतील." मला वाटले, कंटाळा असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटले. तिने सांगितले, "आबाजी, ते असंच लागलं होतं तेव्हा. नशिबानं. मले खरं काही येत नाही." आणि छपरीत बसून तिने मोबाईलवर पहिल्या पसंतीला कला शाखा भरली.

कला शाखेबद्दल माझ्या मनात कमीपणा नाही. ज्याला इतिहास हवा त्याने इतिहास घ्यावा. परंतु मी विचारले, "तुला काय शिकायचे आहे?" आणि ती म्हणाली, "जे जमते ते." मी पुन्हा विचारले, जमत नाही असे कोणी सांगितले? ती म्हणाली, "कोणी कायले सांगावं लागते? मले माहीत आहे." शाळेत शिक्षक म्हणाले होते ते "सबको पता है" आता माझ्या छपरीत, माझ्या नातीच्या तोंडून मराठीत बोलत होते.

सून म्हणाली, "मामाजी, ती नाही म्हणते तर जबरदस्ती कायले करता? तिची मर्जी आहे."

यावर मी रात्रंदिवस विचार केला आहे, आणि माझे उत्तर असे आहे. मर्जी मला मान्य आहे. मी तिच्या जागी अर्ज भरणार नाही. तसे केले तर तोच अन्याय आणखी एका पुरुषाने केल्यासारखे होईल. परंतु कराराच्या कायद्यात एक मोठी शहाणी तरतूद आहे: खोटे विधान करून मिळवलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. गाय दूध देते असे खोटे सांगून विकली, तर घेणाऱ्याने हो म्हटले होते हा बचाव चालत नाही. माझ्या नातीला वर्षभर एक विधान ऐकवले गेले. पोरींना भीती वाटते. पोरींचे हात चालत नाहीत. तुझे अक्षर चांगले आहे. हे विधान तपासलेले नव्हते, आणि माझ्या घरामागच्या बांधीत ते खोटे ठरलेले होते. त्या विधानावर विसंबून तिने आज आपल्या आयुष्याचा पसंतीक्रम लिहिला आहे. ही तिची मर्जी नाही. विधान आधी मागे घ्या, मग तिला विचारा. त्यानंतर तिने कला म्हटले, तर मी स्वतः तिच्या पुस्तकांना कव्हरे घालीन.

आणि विधान मागे कोण घेऊ शकतो? मी नाही. मी तिला हजार वेळा सांगितले की तुला येते. आजोबा असेच म्हणणार, हे तिला पक्के ठाऊक आहे. तिच्या आईने सांगून भागत नाही, वडिलांनी फोनवर सांगून भागत नाही. ज्याने विधान केले त्यानेच, ज्यांच्यासमोर केले त्यांच्यासमोर, ते मागे घेतले पाहिजे.

संधी चालून आलेली आहे. शाळेने दहावीच्या गुणवंतांचा गौरव समारंभ ठेवला आहे. तिलाही बोलावणे आहे, प्रात्यक्षिकाच्या त्याच पूर्ण गुणांसाठी. प्रवेशाच्या पुढच्या फेरीत पसंतीक्रम बदलता येतो, आणि समारंभ त्या फेरीच्या आधी आहे. म्हणून मी या लेखाद्वारे, पत्रांना उत्तर न देणाऱ्यांना, सर्वांसमक्ष विचारतो.

विज्ञानाचे शिक्षक महोदय, त्या दिवशी माइक तुमच्याजवळ असेल. पालक असतील, समिती असेल, आणि तुमच्या हाताखालून गेलेल्या सर्व मुली असतील. मुलींना विजेची भीती वाटते, हे तुम्ही कोणत्या निरीक्षणावरून ठरवले, ते सांगा. एकही निरीक्षण नसेल, तर तसे सांगा. माझ्या नातीने फेब्रुवारीत लिहिलेले अंश तिने मोजले होते की तुम्ही सांगितले होते, ते सांगा. आणि मुख्याध्यापक महोदय, मुलींचे ते वेगळे टेबल या सत्रापासून उठवले आहे की नाही, याचे उत्तर तुम्ही द्या, हो किंवा नाही. कार्यालयात बोलावून नको, चहावर नको, मला एकट्याला तर मुळीच नको. माइकवर द्या, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि प्रवेशाची फेरी बंद होण्याच्या आत द्या.